मोहाची पेंड, मेलेला डोह आणि सेक्रेटरीची सही

प्रश्न : शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव आहे. आम्ही अकरा मित्र दर रविवारी गळ घेऊन नदीवर बसतो. हौस म्हणून, विक्रीसाठी नाही. बॅरेजच्या फुगवट्याच्या टोकाला एक डोह आहे. तीन वर्षांपूर्वी वर्गणी काढून त्यात रोहू-कटल्याची २०,००० बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली. आता गळाला रोहू लागतच नाही. मरळ, वाम आणि मांगूर तेवढे लागतात. होळीनंतर बैठक घेऊन ‘शिकारी मासा साफ करायचा’ असा ठराव केला. खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मी बहिणीला आणायला गेलो होतो. त्या रात्री आमच्यातल्या दोघांनी डोहात मोहाच्या पेंडीच्या सहा गोण्या टाकल्या. सकाळी सगळाच मासा वर आला. फुगवट्याचा ठेका भोई समाजाच्या मच्छीमार संस्थेकडे आहे. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, त्यात एक कासव मेल्याचंही लिहिलं आहे. शिवाय वकिलामार्फत भरपाईची नोटीस पाठवली. पोलिसांकडून मला हजर राहायची नोटीस आली आहे. मासे आम्हीच सोडलेले, पेंड नैसर्गिक, मी तिथे नव्हतो. शिकारी मासा काढणं गुन्हा आहे का? मित्र म्हणतात, व्हॉट्सॲप ग्रुप डिलीट कर. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो आज रात्रीचा आहे. ग्रुप डिलीट करू नका. मेसेज खोडू नका, ठरावाच्या वहीचं पान फाडू नका, आणि मागची तारीख टाकून राजीनामा तर मुळीच लिहू नका. पुरावा म्हणून लागेल असा कागद किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गंमत बघा, पाण्यात विष टाकण्याला १८९७ च्या मूळ मत्स्य कायद्यात दोन महिने होते. दोन महिन्यांच्या भानगडीतून सुटायला तीन वर्षांची ओढवून घ्यायची, असा सल्ला मित्रच देऊ शकतात. शिवाय ग्रुप तुमच्या फोनमधून गेला तरी बाकी दहा फोनांत आहेच.

दुसरं, पोलिसांची नोटीस. ती बहुतेक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालची असेल. एकदा वाचून खात्री करा. जुन्या कायद्यात हेच ४१-अ होतं. दिलेल्या तारखेला हजर राहिलात आणि नोटिशीतल्या अटी पाळल्यात, तर अटक करायची असल्यास अधिकाऱ्याला तशी कारणं लेखी नोंदवावी लागतात. टाळलंत, तर तुम्हीच त्याला कारण पुरवता. जबाब घेतील. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे त्याच संहितेचं कलम १८१ सांगतं. ‘इथे सही करा’ असं कोणी म्हणालं, तर हा जबाब आहे की पंचनामा, एवढं शांतपणे विचारा. जे माहीत आहे ते खरं सांगा; जे स्वतःच्या अंगावर येईल ते सांगायची सक्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मुळे होऊ शकत नाही.

आता मुळाकडे येऊ. मासा कोणाचा?

संस्थेचे एक आजोबा तुम्हाला नदीवर म्हणाले ना, “नदी काय तुना बापनी शे का?” तुम्हाला राग आला असं पत्रात लिहिलंय. पण कायद्याचा प्रश्न त्यांनी वकिलापेक्षा नेमका विचारला. वाहत्या पाण्यातला मासा पकडला जाईपर्यंत कोणाच्याच मालकीचा नसतो. तुमच्या शेततळ्यातला मासा तुमचा, कारण तो तिथून जाऊ शकत नाही. नदीत सोडलेलं बोटुकलं हातातून सुटलं त्या क्षणी तुमचं राहिलं नाही. वर्गणीची पावती दाखवून ‘आमचे वीस हजार’ म्हणता येणार नाही. त्यातलं एखादं आज सारंगखेड्याच्या खाली असेल, एखादं मरळीच्या पोटात.

मासा कोणाचाच नसला तरी तो पकडण्याचा हक्क मात्र कोणाचा तरी असतो. नदी-नाले सरकारचे, हे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये आहे. मासेमारीचा हक्क ही स्थावर मालमत्ता मानली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने चिल्का सरोवराच्या प्रकरणात, आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य या निकालात, १९५५ सालीच सांगितलं. तिथे अर्जदारांनी जमीनदाराकडून मासे धरण्याचा हक्क तोंडी विकत घेतला होता. जमीनदारी गेली, तोंडी व्यवहारही गेला. तुमच्याकडे तर तोंडी हक्कही नाही. संस्थेकडे ठेका आहे. म्हणजे त्या डोहात कुठला मासा ठेवायचा आणि कुठला काढायचा, हा विचार करायला बसलेल्या अकरा जणांना मुळात तो अधिकारच नव्हता. (हेच पाणी नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या अक्राणी-अक्कलकुव्याकडचं असतं तर ग्रामसभा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), वनहक्क कायद्यातला पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क असं वेगळंच प्रकरण उघडलं असतं. तुमच्या तालुक्याला पेसा लागू नाही, म्हणून सोडतो.)

पेंडीचं बोलू. ‘नैसर्गिक आहे, नंतर खतच होतं’ हे खरं आहे, पण ते अर्धंच. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले शिकारी आणि फालतू मासे मारायला मोहाची पेंड शास्त्रशुद्धपणे वापरतात. मीटरभर खोल पाणी असेल तर हेक्टरी साधारण २,५०० किलो. तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. दोन-तीन आठवड्यांनी विषारीपणा ओसरतो आणि मग ती खत म्हणून कामाला येते. तुमच्या मित्रांनी हे कोणा शेततळेवाल्याकडून ऐकलं असणार. एक गोष्ट ऐकायची राहिली : तळ्यात पेंड आधी टाकतात, रोहू-कटला नंतर सोडतात. सॅपोनिनला मरळ कोण आणि रोहू कोण हे कळत नाही. ज्यांच्यासाठी हा खटाटोप, तेच पहिल्या तासात उलटे झाले असतील.

आणि कायद्याचे शब्द फार रुंद आहेत. १८९७ च्या कायद्यात विष, चुना किंवा कुठलाही घातक पदार्थ, मासा पकडण्याच्या किंवा मारण्याच्या इराद्याने पाण्यात टाकणं, असं आहे. चुनासुद्धा! घरात भिंतीला लावतो तो. पदार्थ झाडाचा की कारखान्याचा हे कोणी विचारत नाही, इरादा काय होता ते विचारतात. महाराष्ट्राने १९६० साली स्वतःचा मत्स्य कायदा केला तेव्हाही विष आणि स्फोटकं यांच्याबाबतची भूमिका बदलली नाही. तुमच्या नोटिशीत कुठल्या कायद्याचं कलम आहे ते वकिलाला दाखवा. जलप्रदूषण कायदा, १९७४ चं कलम २४ ही जोडलं जाऊ शकतं. एवढं समाधान माना की कोणाला विहीर खणताना उरलेले सुरुंगाचे तोटे आठवले नाहीत, की तारेवर आकडा टाकून करंट सोडायची बुद्धी झाली नाही. तोटे बाळगल्याचं प्रकरण स्फोटक पदार्थ कायद्यात दहा वर्षांपर्यंत जातं. करंटमध्ये वीजचोरी वेगळी, आणि रात्री पाण्यात उतरलेला एखादा माणूस गेला तर पुढचं बोलायलाच नको.

कासवाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतोय. पाणकासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. ते मारल्याची शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड. हे कलम लागलं तर सगळ्या प्रकरणाचं वजन बदलेल आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार करावा लागेल. पण कासव फुफ्फुसाने श्वास घेतं. कल्ल्यांवाटे रक्तात जाणारं सॅपोनिन माशाला मारतं तसं कासवाला मारेलच असं नाही. म्हणून वकिलाला सांगा : कासवाचा पंचनामा झाला का, शवविच्छेदन झालं का, मृत्यूचं कारण कोणी लिहिलंय का, हे आधी बघायचं. आखाजीच्या उन्हात आटत्या डोहाकाठी कासव मरायला इतरही कारणं असतात.

‘शिकारी मासा काढणं चुकीचं आहे का?’ या प्रश्नात तुमचा खरा जीव आहे, म्हणून थोडं थांबतो. मी स्वतः पांझरेकाठी वाढलो, गळही टाकलाय, त्यामुळे रविवारभर बसून हाती काही न लागण्याचं दुःख मला कळतं. पण मरळ ही आपल्या नदीची. तुम्ही तिच्या घरात रोहूची पिल्लं सोडली आणि ती खाते म्हणून तिला गुन्हेगार ठरवलंत. त्यात भोयांची चूल मरळीवर चालते. बाजारात तिला रोहूपेक्षा जास्त भाव, काटा कमी, आजारातून उठलेल्याला मुद्दाम मागवतात. तुमचा ‘शिकारी’ तो त्यांचा पगार. मोठी मरळ लहान मरळीही खाते हे तुम्हाला माहीत असेल. मोठ्या काढल्या की लहानांचं फावतं. इंग्लंडमध्ये ट्राउटच्या नद्यांवर पाईक नावाच्या शिकारी माशाबद्दल हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे, आणि तिथेही जाळं किंवा वीज वापरून मासा काढायचा तर सरकारी यंत्रणेची परवानगी लागते. हौशी क्लबने रात्री जाऊन उरकायचं काम ते तिथेही नाही.

एकच अपवाद, आणि तो तुमच्या बाजूचा. मांगूर. आफ्रिकन, ज्याला लोक थाई मांगूर म्हणतात, त्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे. तो पाण्यातून काढायला हवा यात वाद नाही. पण आपला गावठी मांगूर जवळजवळ तसाच दिसतो, त्यामुळे ओळख पटवणं मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाचं काम. तक्रार द्या, फोटो द्या, पेंड देऊ नका. आणि खरं सांगू? रोहू न लागण्याचं कारण मला मरळीपेक्षा वाळूच्या डंपरांत जास्त दिसतं. तळ खरवडलेल्या नदीत कुठला मासा टिकणार? पण डंपरवाल्याविरुद्ध ठराव करायला छाती लागते.

आता तुमची सही. कट म्हणजे बेकायदा काम करण्याचा, किंवा कायदेशीर काम बेकायदा मार्गाने करण्याचा करार. ‘शिकारी मासा साफ करायचा’ एवढंच लिहिलं असेल आणि कसा ते नसेल, तर वकील म्हणू शकतो की परवानगी घेऊन गळाने, जाळ्याने काढायचा असा अर्थ होता. नुसतं मरळ धरणं गुन्हा नाही. पण दोन गोष्टी बघितल्या जातील. ग्रुपवर पेंडीची चर्चा झाली होती का आणि तुम्ही त्यावर अंगठा दाखवला होता का? आणि पेंडीचे पैसे कुठून आले? सेक्रेटरी तुम्ही, म्हणजे वर्गणीचा डबा बहुधा तुमच्याकडे. सहा गोण्या त्या डब्यातून आल्या असतील तर ‘मी आखाजीला बहिणीकडे होतो’ याला फारसा अर्थ उरणार नाही. मित्रांनी खिशातून आणल्या असतील तर तेच वाक्य तुमचं कवच आहे. बसचं तिकीट, पेट्रोल पंपाची पावती, जे असेल ते जपा. याचं उत्तर मला नका देऊ, तुमच्या वकिलाला द्या, आणि खरं द्या.

भरपाईच्या नोटिशीला मुदतीत उत्तर जाऊ द्या. तुमचा गट नोंदणीकृत नाही, म्हणजे ‘मंडळ जबाबदार’ असं काही नसतं. दावा आला तर माणसांवर येतो. संस्था पुण्याच्या हरित न्यायाधिकरणातही जाऊ शकते, आणि तिथे भरपाई मागताना चूक कोणाची हे सिद्ध झालंच पाहिजे असं नसतं. म्हणून तडजोड स्वस्त पडेल. आकडा मात्र त्यांच्या विक्रीच्या नोंदींवरून ठरवा, नोटिशीतल्या शून्यांवरून नाही. उत्तरात ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द वकील घालेलच. आणि पैसे देऊन फौजदारी आपोआप मिटत नाही, हे मित्रांनाही सांगा.

पुढे गळ टाकायचाच असेल तर संस्थेकडून लेखी परवानगी घ्या, फी भरा, आणि लागलेली मरळ घरी नेऊन खा. बोटुकली सोडायची हौस असेल तर संस्थेमार्फत सोडा.

हजर राहायच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी शिंदखेड्याच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या फौजदारी वकिलाकडे जा. जाताना ठरावाची वही, वर्गणीचा हिशेब आणि फोन, तिन्ही जसेच्या तसे न्या. मित्रांना सोबत नेऊ नका. त्यांचा आणि तुमचा बचाव आता एक राहिलेला नाही.