इअरमफचा सेल संपला म्हणून कान उघडा पडत नाही
नेमबाजांच्या प्रश्नांना उत्तरे

*मुलगी चौदा वर्षांची आहे. दहा मीटर एअर रायफलवरून आता पन्नास मीटरला, पॉइंट टू टूवर (०.२२ इंची गोळीच्या रायफलवर) गेली. तिला इलेक्ट्रॉनिक इअरमफ घ्यावा का? (एक पालक, कोल्हापूर)*

कानावर काहीतरी हवंच, आणि पहिल्या गोळीपासून हवं. पॉइंट टू टू रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो. जागतिक आरोग्य संघटना अशा क्षणिक आवाजाची मर्यादा मोठ्यांसाठी १४० आणि मुलांसाठी १२० धरते. 'पॉइंट टू टूला काय होतंय' असं रेंजवर कुणी म्हणालं तर त्याचं अजिबात ऐकू नका.

सरावासाठी इलेक्ट्रॉनिक मफ, म्हणजे गोळीचा आवाज अडवून बोलणं ऐकवणारं कानावरचं झाकण, फार उपयोगी. सर मागून काही सांगतात, मुलं ते ऐकायला मफ उचलतात आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या लेनवरची गोळी सुटते. हे मी दर आठवड्याला पाहतो. इलेक्ट्रॉनिक मफ उचलावा लागत नाही. पण आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार स्पर्धेत खेळाडूला किंवा प्रशिक्षकाला आवाज वाढवणारं साधन वापरता येत नाही. रेंजवरच्या अधिकाऱ्यांना चालतं. कोल्हापूरला पन्नास मीटरचं वेड नवं नाही. तेजस्विनी सावंत यांचं २०१० चं म्युनिकचं विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचं २०२४ चं पॅरिसचं कांस्यपदक, दोन्ही याच अंतरावरची. तुमची मुलगी त्या वाटेने निघाली असेल तर स्पर्धेत जे घालायचं तेच आधी घ्या: चांगला साधा मफ किंवा कानात घालायचे प्लग. झोपून नेम धरताना मफची वाटी रायफलच्या दस्त्याला टेकते, म्हणून पुष्कळ जण प्लगच पसंत करतात.

*सराव चालू असताना सेल संपला तर कान उघडा पडतो का?*

नाही. गोळीचा आवाज अडवते ती वाटी आणि तिच्या कडेची गादी. इलेक्ट्रॉनिक्सचं काम एवढंच, की बाहेरच्या माइकने टिपलेलं बोलणं आतल्या छोट्या स्पीकरवर ऐकवायचं आणि आवाज साधारण ८२ ते ८५ डेसिबलच्या वर गेला की ते ऐकवणं दाबायचं किंवा थांबवायचं. सेल गेला की तुमचा मफ साधा मफ होतो. सूचना ऐकू येणार नाहीत, म्हणून बॅगेत सेलची एक जोडी जास्तीची ठेवा.

*मला चष्मा आहे. मफ महागातला आहे, तरी आवाज आत येतो असं वाटतं.*

वाटतं ते खरं आहे. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे फट राहते, आणि आवाजाला तेवढी फट पुरते. घरी एक करून पाहा. मिक्सर लावायला सांगा, मफ बंद ठेवूनच घाला, एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याविना. फरक लगेच कळेल. जाड प्लास्टिकच्या काड्यांऐवजी पातळ, सपाट काड्यांची फ्रेम घ्या. केस आणि टोपीची कडही गादीखालून बाजूला करा.

मग गादी तपासा. बोटाने दाबून सोडा. ती सावकाश फुगून पूर्ववत व्हायला हवी. दाबलेली तशीच राहिली, कडक लागली किंवा शिवणीपाशी बारीक भेगा दिसल्या तर ती गेली. आपल्याकडच्या घामात रोज वापरलेली गादी सहा महिने ते वर्षभर टिकते. बहुतेक कंपन्यांच्या गाद्या सुट्या मिळतात, जुनी ओढून काढायची आणि नवी खटकन बसवायची. लोक हजारो रुपयांचा मफ घेतात आणि गादी चार-चार वर्षं बदलत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुसायला ओलसर फडकं आणि सौम्य साबण पुरे. स्पिरिटने गादीचं आवरण कडक होतं. मफ बॅगेत ताणून कोंबू नका. डोक्यावरची पट्टी सैलावली की वाटीची पकड जाते.

*पावसाळ्यात मफ खरखरतो. यंदा सेलच्या खणात पांढरी भुकटीही दिसली.*

भुकटी म्हणजे अल्कलाइन सेलमधून गळलेला क्षार. हातमोजे घाला, सेल काढा, कान साफ करायच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा अगदी थेंबभर घेऊन सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्या पुसा. फसफसणं थांबलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पट्टी हिरवी पडून झिजली असेल तर दुरुस्तीवाल्याकडेच न्या. आठवडाभर रेंजवर जाणार नसाल तर सेल काढून ठेवायचे, हा नियमच करा.

खरखर बहुधा माइकवरच्या फोममधल्या ओलीमुळे होते. फोम काढून सावलीत वाळवा. हेअर ड्रायर नको, गाडीच्या डॅशबोर्डवरचं ऊन तर नकोच. मफ झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. गादीच्या आतल्या फोमला काळे ठिपके दिसले तर ती बुरशी, फोमही बदला.

*शेतीसंरक्षण परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. रात्री चाहूल लागायला कान मोकळे हवेत, म्हणून काही घालत नाही. (एक बागायतदार, सावंतवाडी)*

इलेक्ट्रॉनिक मफचा खरा उपयोग तुम्हालाच आहे. बारा बोअरचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे जातो. मफ घालून आवाजाची कळ हळूहळू फिरवा आणि पानांची सळसळ उघड्या कानाइतकी येऊ लागली की थांबा. त्याहून वाढवली तर किड्यांच्या किरकिरीने डोकं उठेल. दस्ता गालाला लावताना वाटी आड येते, म्हणून पातळ वाट्यांचा मफ घ्या. बंदिस्त रेंजवर किंवा मोठ्या काडतुसांच्या सरावाला मफखाली फोमचे प्लगही घाला. त्याने संरक्षण दुप्पट होत नाही, पाच ते दहा डेसिबलची भर पडते, पण ती मोलाची असते. प्लग बारीक वळा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा.

*नॉइज कॅन्सलिंगचे इअरबड चालतील का?*

नाही. ते विमानाच्या घरघरीसारख्या सलग आवाजासाठी बनवलेले असतात. गोळीचा तडाखा त्यांच्या आवाक्यातला नाही.

*सरावानंतर रात्रभर कान गुणगुणतो, सकाळी थांबतो. काळजी करावी का?*

करावी. गुणगुण थांबली म्हणजे इजा भरली असं नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मी शिकत होतो तेव्हा आम्ही कापसाचे बोळे घालायचो. आज माझ्या डाव्या कानात अखंड शिट्टी आहे. उजव्या हाताने रायफल मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून बहुधा तोच आधी जातो. गुणगुण दुसऱ्या दिवशीही राहिली किंवा कानाला दडा बसला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, थांबू नका. एरवीही वर्षातून एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढा. गोळीबाराची इजा आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खळग्यासारखी दिसते, बोलणं अजून नीट ऐकू येत असतानाच. तो कागद शस्त्रपरवान्याच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा शेजारी धरून बघता येईल.