वाळलेल्या गुलाबांचे पैसे कोण देणार?

प्रश्न : धरमपेठेत मी आठवड्यातून दोनदा जाऊन काही बंगल्यांच्या बागा सांभाळतो. मे महिन्यात एका घरचे गुलाब वाळले, म्हणून मालकीणबाईंनी महिन्याचे पैसे अडवले. काय करावे?

उत्तर : नागपुरात पारा 45 अंशांवर गेला की कुंडीतील माती सकाळचे पाणी दुपारपर्यंतही धरत नाही, म्हणून तुम्ही नसता त्या दिवशी पाणी कोणी घालायचे, हे काम घेतानाच वहीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. आता भांडू नका. त्यांच्यासमोर खोडाची साल नखाने हलकेच खरवडा. आत हिरवे दिसले, तर वाळलेल्या काड्या काढून कुंडी हिरव्या जाळीखाली ठेवल्यास रोप पुन्हा फुटू शकते. झालेल्या फेऱ्यांचे पैसे मात्र तारखा दाखवून अवश्य मागा.