मॉडेल गाडीला काचेसारखी चकाकी यायला कुठलं पॉलिश चांगलं?

कुठलंही चालेल. तुमच्या गाडीचा प्रश्न पॉलिशचा नाहीच.

तुम्ही लिहिलंय, १/२४ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, स्पोर्ट्स कार जोडली, कॅनने लाल रंग दिला, दोन दिवसांनी घासून पॉलिश केलं, तरी रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो आणि दाराच्या कडेला तर आतलं प्लॅस्टिक उघडं पडलं. म्हणून आता बाहेरून भारी पॉलिश मागवायचा विचार आहे. आणि शेवटी विचारलंय की चाळिशीत असला नाद लावून घेणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे का. त्याकडे नंतर येते. पहिला प्रश्न वाचून मात्र राहवलं नाही, कारण याच मुद्द्यावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे.

आमचं घर गाड्या रंगवणाऱ्यांचं. बाबांनी नाशिकला सातपूरमध्ये चाळीस वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवलं, आता दादा चालवतो. मी इंजिनिअरिंग करून नोकरीला लागले. २०१४ साली कंपनीच्या कामासाठी तीन महिने जपानला, हमामात्सुला होते. हा शिझुओका प्रांत म्हणजे मॉडेल किटांची पंढरी. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी, सगळ्या याच प्रांतातल्या. परत यायच्या आधीच्या शनिवारी मी दुकानातून तामियाची १/२४ ची फेरारी एफ४० उचलली. सोबत लाल रंगाचे दोन कॅनही घेतले होते. दुकानदाराने ते पिशवीतून काढून बाजूला ठेवले, हाताने विमानाची खूण केली आणि मान हलवली. ज्वलनशील कॅन विमानात नेता येत नाहीत. गाडी नाशिकला आली, रंग जपानातच राहिला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

जून अख्खा मी त्या बॉडीवर घालवला. साच्याच्या रेघा पात्याने खरवडल्या, मग आठशे आणि हजारचा वॉटर पेपर. दाराच्या फटी सुईने जरा खोल केल्या, कारण रंग बसला की त्या भरतात. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतली. जुलैत दादा घरी आला, बॉडी बघितली आणि म्हणाला, “एवढ्याशा डबीला महिना? आण गॅरेजवर, दहा मिनिटांत मारून देतो.”

मी नेली. घरात तीस वर्षं रंगाचा धंदा बघितलेली मी, पण त्या दिवशी नाही म्हणाले नाही.

बाहेर पाऊस कोसळत होता. दादाने गन घेतली ती गाड्यांचीच, १.४ मिलिमीटरच्या नोझलची. मॉडेलवाल्यांच्या एअरब्रशचा नोझल बहुधा ०.३ चा असतो, यावरून काय ते समजा. कुणाच्या तरी बंपरसाठी कालवलेला लाल शिल्लक होता, त्यात एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचं जहाल थिनर, ओतलं आणि प्रायमर न लावता नुसत्या प्लॅस्टिकवर एकच भरघोस ओला हात मारला. पाच मिनिटं ती बॉडी इतकी सुंदर दिसत होती की माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. छतावर ट्यूबलाइटची रेघ सरळ, अखंड उमटली होती. मग त्या रेघेवर दुधाळ ढग आला. आधी एका कोपऱ्यात, मग सगळ्या छतावर.

सकाळी बघितलं तर लाल रंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. नाकावरच्या हवेच्या त्रिकोणी खाचा निम्म्या बुजलेल्या. सुईने कोरलेल्या फटी भरून सपाट. दादा म्हणाला, “प्लॅस्टिकच हलकं दिसतंय. थांब, रबिंग मारतो, सगळं झाकलं जाईल.” रबिंग म्हणजे घासून चकाकी आणायची पेस्ट, पॉलिशच ते.

बाबा तेव्हा रोज तासभर गॅरेजवर येऊन बसायचे. त्यांनी बॉडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, “अजून ओली आहे ही.” हाताला ती खडखडीत लागत होती. मग म्हणाले, “रबिंगने काही झाकत नाही रे. आत जे असेल ते वर दिसायला लागतं.” दादा भडकला. “बाबा, तुमच्यासारख्या गाड्या आठ-आठ दिवस वाळवत बसलो तर गिऱ्हाईक शेजारी जाईल.” बाबा काही बोलले नाहीत. चहा अर्धा टाकून घरी गेले.

त्यानंतर दादाने रबिंग मारलंच. चिरा जास्त उठून दिसायला लागल्या.

आता झालं काय होतं ते सांगते, कारण तुमच्या गाडीचं उत्तरही यातच आहे. ही बॉडी पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकची असते. गॅरेजचं एनसी थिनर पॉलिस्टायरीन विरघळवतं. पातळ हात असेल तर थिनर उडून जातं आणि प्लॅस्टिक बचावतं; भरघोस ओला हात मारला की थिनर तिथेच मुरतं आणि जाळं पडतं. दुधाळ ढग हा पावसाचा. थिनर झपाट्याने उडतं तेव्हा रंगाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग धुरकटतो. बाबांच्या काळी सगळं काम ड्यूकोचं, म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं. पावसाळ्यात ते त्यात रिटार्डर घालायचे, म्हणजे थिनर सावकाश उडेल, आणि आभाळ फारच भरून आलं तर गन खाली ठेवायचे. संत्र्याची साल हे याच्या उलट दुखणं. थेंब बॉडीवर पडून पसरायच्या आत वाळतो. कॅन फार लांब धरला, हवा फार गरम असली किंवा कॅन गार पडून जोर कमी झाला की साल येणारच. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी दोनला मारून बघा, हमखास येते.

आणि जाडी. दादाचं म्हणणं अजूनही हेच की रंग भरपूर असला की काम भक्कम. कंपनीतून निघालेल्या खऱ्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर रंग असतो. तेवढाच तुम्ही मॉडेलवर चढवलात तर प्रमाणाने तो खऱ्या गाडीवरच्या २.४ मिलिमीटरच्या गिलाव्याइतका होतो. त्यातून गाडी कुठली, तर एफ४०! १९८७ साली फेरारीच्या चाळिशीनिमित्त काढलेली, एन्झो फेरारी यांच्या हयातीतली ही शेवटची नवी गाडी. पुढच्याच वर्षी ते गेले. वजन वाचवायचं म्हणून आत गालिचे नाहीत, रेडिओ नाही, दार उघडायला आतून नुसती दोरी. आणि रंग इतका पातळ की उजेडात धरून बघितलं तर खालच्या कार्बन-केव्हलारची वीण दिसते. त्या गाडीला माझ्या भावाने गिलावा केला, हे मला अजून खुपतं.

२०१८ च्या जानेवारीत मी दुसरी एफ४० आणली. या वेळी पुण्यातल्या एका दुकानात तामियाचा टीएस-८, म्हणजे इटालियन रेड, मिळाला. आधी गुलाबी प्रायमर, कारण लाल रंग झाकायला कमजोर; करड्यावर तो विटक्या विटेसारखा दिसतो आणि मग माणूस हातावर हात चढवत बसतो. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला. कोमट म्हणजे बोट बुडवून ठेवता येईल इतकंच, उकळत्या पाण्यात कॅन फुटतो. पंधरा-वीस सेंटिमीटरवरून, बॉडीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे संपवत, पहिले दोन हात नुसत्या धुक्यासारखे. खालचा गुलाबी दिसत असतो, जीव तुटतो, तरी थांबायचं. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटं. मग एक हात जरा ओला, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा ओला हात, ज्यात रंग एकमेकांत मिसळून सपाट होताना डोळ्यांना दिसतो. त्याच्या पुढचा सेकंद म्हणजे ओघळ. तो सेकंद ओळखायला प्लॅस्टिकचे चमचे वाया घालवा, बॉडी नको. वर क्लिअर, टीएस-१३, तसाच. तुमच्या गाडीवर डीकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, असतील तर क्लिअरचे सुरुवातीचे हात फारच कोरडे मारा, नाहीतर डीकल सुरकुततात.

मग पोळ्यांच्या डब्यात, झाकण किलकिलं ठेवून, तीन आठवडे. रोज रात्री मी झाकण उघडून वास घ्यायचे. बाराव्या दिवशीही थिनर येत होतं. अठराव्या दिवशी काही आलं नाही, तरी तीन दिवस आणखी थांबले. तुम्ही दोन दिवसांत घासलंत. वरचा पापुद्रा वाळला होता, आतला रंग मऊ होता, तो कागदाबरोबर गेला. आणि कडेवर रंग मुळातच सगळ्यात पातळ असतो, ओला असताना तो तिथून मागे सरतो. कडांना मास्किंग टेप लावा आणि कागद तिथे नेऊच नका.

तीन आठवड्यांनंतर माझं पॉलिशचं काम किती होतं? छत आणि नाक दोन हजारच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात हलकं, मग तीन हजार, मग गॅरेजमधलंच रबिंग आणि जुना मऊ बनियन. सगळं मिळून अर्धा तास. रेघ ट्यूबलाइटची होती तशी सरळ. बाजू तर घासल्याच नाहीत, गरज पडली नाही.

गुढीपाडव्याला दादा जेवायला आला होता. शोकेसजवळ गेला, वाकून बघितली, आणि म्हणाला, “पॉलिश मस्त मारलंस. कुठलं वापरलंस?”

तुमचा प्रश्न शब्दशः तोच आहे. म्हणून एवढं लिहिते आहे. त्या दिवशी पानं वाढलेली होती, बाबा समोर होते, मी काही बोलले नाही. आज बोलते. दादा, पॉलिश तुझ्याच गॅरेजमधलं होतं. त्याच डब्यातलं, जे तू पहिल्या बॉडीला लावलंस.

त्याच्या बाजूनेही सांगायला हवं. टू-के रंग, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारे रंग, आणि भट्टी आल्यापासून गाडी संध्याकाळी आत जाते आणि सकाळी गिऱ्हाइकाला मिळते, आणि काम उत्तम असतं. बाबांच्या वेगाने आज गॅरेज चालणार नाही, हे दादाचं म्हणणं खरं आहे. पत्र्यावर त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. पण पॉलिस्टायरीन भट्टीत घालता येत नाही, ते वाकतं. इथे वाट बघण्याला पर्याय नाही, आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये हे एकाच माणसाला माहीत होतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, मास्क. सर्जिकल नाही, कापडी नाही. ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज असलेला रबरी मास्क, आणि खिडकी उघडी. काही जण हल्ली मॉडेलवर टू-के क्लिअर मारतात, चकाकी झटपट येते. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला फार वाईट, घरात तर मारूच नका. बाबांनी चाळीस वर्षं नाकाला फडकं बांधून गन चालवली. आज दोन जिने चढले की ते मधल्या पायरीवर बसतात. दुसरी गोष्ट, मी सांगितलेले दिवस नाशिकच्या कोरड्या जानेवारीतले आहेत. तुम्ही मुंबईत किंवा कोकणात असाल तर दिवस जास्त धरा, आणि जून ते सप्टेंबर फक्त इंजिन आणि आतली सीट रंगवा, बॉडी नको.

चाळिशीचं विचारलंत. मी सदतिसाव्या वर्षी सुरू केलं. वेळ जातो, भरपूर जातो. वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्हाला वाटेल की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमची गाडी मात्र वाचेल. पॉलिश मागवू नका. आधी नाक लावून वास घ्या. थिनर येत असेल तर डब्यात ठेवून द्या आणि पंधरा दिवस विसरा. मग एक हजारच्या कागदाने साल उतरवा, दाराच्या कडेला थोडं प्रायमर, आणि वर लालचे दोन पातळ हात. जाळं पडलेलं असेल तर गोष्ट वेगळी, ते प्लॅस्टिकलाच पडलेलं असतं आणि रंग उतरवूनही जात नाही. माझी ती पहिली बॉडी अशीच आहे. ती मी ठेवली आहे, नवा कॅन आणला की पहिला हात तिच्या छताला आतून मारून बघते.