बाळंतिणीला तिचंही विचार

वॉर्डात नवीन आलीस, तर पहिली सवय ही लाव: टाके, दूध, बाळाचं वजन सगळं बघून झालं तरी "तुला स्वतःला कसं वाटतंय गं?" हे विचारल्याशिवाय खाटेपासून हलायचं नाही. सासू पेजेचा डबा घेऊन शेजारी उभी असताना मात्र नको, खरं कोणी सांगणार नाही. मी हमखास विचारते, बाळ निजल्यावर तरी तुला झोप लागते का? "नाही" म्हणाली, तर तिथेच बस.

बाळंतिणीचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. टिकलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली घे: दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दल. शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा, संकोचून गाळू नकोस. तिथे होकार आला तर एकूण गुण कितीही कमी असोत, तिला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

झोपेविना भलतंच बोलू लागली, आवाज ऐकू येऊ लागले, तर घरचे "बाहेरचं काही असेल" म्हणतील. त्यात वेळ घालवू देऊ नकोस. ही तातडीची केस, थेट बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात.

गोव्यातच झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरोदरपणीच मन खचलेलं असणं, पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही त्यामागची कारणं. म्हणून विचारणं गरोदरपणाच्या तपासणीपासूनच सुरू कर. डिस्चार्जच्या कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ ठळक लिही, नवऱ्यालाही दाखव.