वाचक विचारतात : डेपोवरचे प्रेमगीत

गेल्या अंकात ‘फ्लाइट ऑफ द कॉनकॉर्ड्स’ या न्यूझीलंडच्या विनोदी गायक-जोडीविषयी लिहिले होते. ब्रेट मॅकेन्झी आणि जेमेन क्लेमेंट या दोघांनी २००७ साली आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत ‘फू द्यू फाफा’ नावाचे एक लटके फ्रेंच गाणे गाऊन साठच्या दशकातल्या फ्रेंच पॉप गायकांचे विडंबन केले होते. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे मित्र अंबाजोगाईला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहोत. यंदाच्या गॅदरिंगसाठी दोन फ्रेंच पॉप गायकांचे सोंग घेऊन आठ-दहा मिनिटांचा कार्यक्रम बसवत आहोत. आम्ही बऱ्यापैकी गातो, पण फ्रेंच कोणालाच येत नाही. सर म्हणतात, “आपल्याकडे हे गायक कोणी ऐकलेले नाहीत, लोक हसतील कशाला? हिंदी गाण्यावर काहीतरी करा.” विषय बदलावा का? आणि शब्दांचे काय करावे?

उत्तर : विषय बदलू नका. तुमच्या सरांची शंका मात्र रास्त आहे आणि तिचे उत्तर तुम्हाला रंगमंचावरच द्यावे लागेल. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढली, तेव्हा ज्या कवींची त्यांनी थट्टा केली त्यांच्या कविता वाचकांच्या ओठांवर होत्या. पैठणच्या नाथांनी भारुडात जोशी, वाघ्या, गोंधळी यांची सोंगे घेतली, तेव्हा ही माणसे ऐकणाऱ्यांच्या दारात रोज येत होती. तुमच्या प्रेक्षकाजवळ अशी कोणतीही ओळख नाही. म्हणून तुमचे निम्मे काम आहे ते मूळ गायक त्याच्यासमोर उभा करण्याचे, आणि विडंबन त्यानंतर येते. पहिली दोन मिनिटे अजिबात विनोद करू नका. एक संथ, दुःखी, चांगल्या चालीचे गाणे मनापासून गा. प्रेक्षकाला क्षणभर वाटले पाहिजे की ही पोरे खरोखरच परदेशी गाणे शिकून आली आहेत. “असे असते होय हे गाणे” असे त्याने एकदा मनाशी ठरवले, की पुढे तुम्ही ते कोठे वाकवता हे त्याला आपोआप कळते.

मूळ गायक पाहून ठेवा, कारण ते एका साच्याचे नव्हते. साठच्या दशकात फ्रान्समध्ये ‘येये’ नावाची लाट आली. इंग्रजी गाण्यांतल्या ‘ये, ये’ या आरोळीवरून हे नाव पडले. जॉनी हॅलिडे हा तिचा मोठा नायक. त्याचे खरे नाव झाँ-फिलिप स्मेट. अमेरिकन रॉक गाणी तो फ्रेंच शब्दांत गाई आणि गाता गाता रंगमंचावर लोळण घेई. फ्राँस्वाज आर्दी मात्र डोळ्यांवर आलेल्या केसांनिशी गिटार घेऊन जवळजवळ निश्चल उभी राहून गात असे. सर्ज गेन्सबर्ग गाण्याऐवजी कुजबुजायचा. दाढीचे खुंट वाढलेले, बोटांत सिगारेट, डोळे अर्धे मिटलेले. त्याने आणि जेन बर्किनने १९६९ साली गायलेले द्वंद्वगीत बीबीसीने वाजवण्यास नकार दिला, तरी ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले.

तुमच्या जोडीसाठी यांतले दोघे पुरेत : एक लोळणारा, एक कुजबुजणारा. एकाने प्रेमाच्या नावाने गुडघे टेकावेत आणि दुसऱ्याने तिकडे मानही वळवू नये. आपल्या तमाशातली बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. सरदार जितका गंभीर, तितका सोंगाड्या खुलतो. काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यात एका स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो असता असाच एक प्रयोग पाहिला. एका मुलाने अर्धा खडू सिगारेटसारखा बोटांत धरला, माइकच्या दांडीवर रेलला आणि गाण्याआधी प्रेक्षकांकडे नुसता पाहत राहिला. खडूची पूड ओठाला लागली होती, ती त्याने पुसली नाही. सभागृह हसायला लागले, तरी त्याची पापणी हलली नाही. दुर्दैवाने त्याच्या जोडीदाराला हसू आवरेना. तो हसला आणि तेथेच प्रयोग आडवा झाला. तालमीत तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला द्यावा लागेल.

आता शब्द. निव्वळ निरर्थक बडबड फार तर एक मिनिट टिकते. कॉनकॉर्ड्सच्या गाण्याचे नाव निरर्थक असले, तरी आतले शब्द बहुतेक खरे आहेत, फक्त ते शाळेतल्या फ्रेंचच्या पहिल्या पुस्तकातले आहेत : ग्रंथालय कोठे आहे, हा माझा पासपोर्ट. अत्यंत मादक आवाजात अत्यंत क्षुल्लक गोष्ट सांगायची, हे त्यातले मर्म आहे. शेवटी त्यांना “फ्रेंच येते का?” असे फ्रेंचमध्ये विचारले जाते, तेव्हा आधी त्यांना प्रश्नच कळत नाही आणि मग नाही म्हणावे लागते. तुमच्या प्रेक्षकाला ते शब्द कळणार नाहीत, पण त्याच्या रोजच्या बोलण्यात इंग्रजीच्या वाटेने आलेले फ्रेंच शब्द किती आहेत ते पाहा : डेपो, गॅरेज, कूपन, रेशन, पेन्शन, ब्युरो, मेनू, बुके. एसटीचा डेपो आपण ‘डेपोट’ म्हणत नाही. शेवटचा ‘ट’ गिळण्याचा फ्रेंच नियम मराठवाड्यातला प्रत्येक प्रवासी पाळत आला आहे. म्हणून हे शब्द फ्रेंच उच्चारात गा. रेशनचे ‘रास्यों’, पेन्शनचे ‘पाँस्यों’, कूपनचे ‘कुपों’ होते. कुजबुजणाऱ्याने डोळे मिटून “ओ… रास्यों…” म्हणावे, लोळणाऱ्याने “कुपों! कुपों!” म्हणून छाती पिटावी. पहिल्या दोन ओळींत कोणाला काही कळणार नाही. मग मागच्या रांगेतल्या एखाद्या आजोबांना ‘पाँस्यों’ म्हणजे काय ते उमजेल, ते शेजारच्याला सांगतील, आणि हसू मागून पुढे येईल. असे हसू प्रेक्षकाने स्वतः कमावलेले असते, त्यामुळे ते लवकर ओसरत नाही.

उच्चारासाठी दोन गोष्टी घोटून घ्या. फ्रेंचमध्ये आघात शब्दसमूहाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो, म्हणून प्रत्येक ओळ शेवटाकडे कलली पाहिजे. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा ‘र’. तो जिभेच्या टोकाने न येता घशातून येतो आणि उर्दूतल्या ‘गैन’ या अक्षराच्या फार जवळचा आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांना तो शिकवावा लागेल. तुमच्याकडे निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या पिढीचे संस्कार अजून बोलण्यात आहेत. गल्लीतल्या एखाद्या उर्दू जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांकडून ‘गझल’ आणि ‘गम’ हे शब्द नीट म्हणवून घ्या आणि तोच ‘ग’ ‘रास्यों’च्या ‘र’ला लावा.

प्रश्न : मी परभणीत शिक्षिका आहे. दुसऱ्यांच्या भाषेची अशी नक्कल करणे म्हणजे त्यांची टिंगल नव्हे का? आमच्या बोलीची शहरातल्या मंचावर नक्कल होते, तेव्हा मला ते लागते.

उत्तर : बाई, आपले लागणे योग्य आहे. “येलालाव का, जालालाव का” एवढेच म्हणून ज्याने टाळी घेतली, त्याने बोलणाऱ्या माणसाकडे पाहिलेलेच नसते. त्याने फक्त त्याचा सूर चोरलेला असतो. त्याच मराठवाड्याच्या बोलीत लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्याने उभे केले आणि आपल्याच माणसांना पोट धरून हसवले, कारण त्यांतल्या प्रत्येक पात्राचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. फरक येथे आहे.

फ्रेंच पॉपच्या बाबतीत हसण्याजोगी गोष्ट भाषा नाहीच. त्या काळातले कितीतरी गायक मुळात बाहेरचे होते : सिल्वी वार्तान बल्गेरियात जन्मली, दालिदा कैरोत, बर्किन लंडनची आणि तिचा इंग्रजी हेल फ्रेंच श्रोत्यांनी प्रेमाने स्वीकारला. हसावे ते कीर्तिवंत माणसाच्या स्वतःविषयीच्या गांभीर्याला, कुजबुजीला, प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहण्याला. हा आव कोणत्याही भाषेत आढळतो आणि आपल्याकडच्या गायकांतही आहे.

एक विनंती मात्र करीन. गोल टोपी, पट्ट्यांचा सदरा आणि गळ्यात कांद्यांची माळ हे सोंग मुलांना देऊ नका. ते इंग्रजांनी रंगवलेले फ्रेंच माणसाचे चित्र आहे, ते आपण उसने का घ्यावे? गेन्सबर्ग जीन्स, कोट आणि मोज्यांशिवाय पांढरे नरम बूट घालत असे. हे बूट जर कोणी घातले, तर निदान त्या माणसाकडे पाहिले होते एवढे तरी दिसेल.

प्रश्न : असे फ्रेंच गाणे आम्हालाही बसवायचे आहे, पण हिंगोलीत अकॉर्डियन मिळत नाही. कीबोर्डवर तो आवाज काढावा का?

उत्तर : कीबोर्डची गरज नाही, भजनी मंडळाची पेटी आणा. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र दबँ याने पॅरिसमध्येच १८४० च्या सुमारास घेतले. पुढे कलकत्त्यात तिला हाताने भाता हलवून वाजवण्याचे रूप मिळाले आणि ती आपल्या देवळांत येऊन बसली. अकॉर्डियनमध्येही भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्याच कंप पावतात, त्यामुळे दोन्हींच्या आवाजाचे नाते जवळचे आहे. पॅरिसच्या नाचगाण्यातला तीनाचा ठेका दादऱ्याच्या सहा मात्रांत सहज बसतो. तबलजीला फक्त पहिल्या मात्रेवर जोर द्यायला आणि बाकीच्या हलक्या हाताने सोडायला सांगा. पेटीवाल्याने दोन शेजारचे स्वर एकदम दाबून किंचित बेसूर थरथर आणावी. ही थरथर भजनात चालणार नाही, येथे मात्र तिच्याशिवाय पॅरिस येत नाही.