रचना अख्खी लावा आणि कंडक्टरचं नाव सांगा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या रेडिओवर हल्ली पूर्ण सिंफनीऐवजी (ऑर्केस्ट्रासाठीची, बहुधा चार भागांची मोठी रचना) तिचा एखादाच भाग लावतात, ते श्रोत्यांना पटतं का? आणि आवडता कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्रा चालवणारा, कोण? मी दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण माझे आवडते कंडक्टर मला रेडिओनेच मिळवून दिले आणि तेही पूर्ण रचना ऐकवल्या म्हणूनच.

मला मुळीच पटत नाही. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी घ्या. तिचा पहिला भाग लावतात, नाहीतर थेट शेवटचा. पण तिसऱ्या आणि चौथ्या भागात थांबाच नाही, एकातून दुसरा निघतो. तिसऱ्याच्या अखेरीला सगळा ऑर्केस्ट्रा दबकत जातो, तंतुवाद्यं एक लांब सूर धरून बसतात आणि खाली टिंपनी (मोठे नगारे) अगदी हलक्या हाताने ठोके देत राहते. हे किती वेळ चालणार, काही कळत नाही. मग व्हायोलिन्स हळूहळू वर चढू लागतात, शेवटच्या काही क्षणांत आवाज झपाट्याने वाढतो आणि सी मेजर या उजळ स्वरमेळात चौथा भाग उघडतो. ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबसून ही फुंकून वाजवायची वाद्यं या सिंफनीत पहिल्यांदा ऐकू येतात ती इथेच, तोवर ते वादक नुसते बसून असतात. तुकडा नेमका इथून सुरू केला की ऐकणाऱ्याच्या पदरी पडतो तो फक्त मोठा आवाज. शिवाय चौथ्या भागाच्या मध्येच तिसऱ्यातली ती दबकी चाल पुन्हा डोकावते. आधीचं कानावर पडलेलं नसेल तर ती कुठून आली, कशासाठी आली, याचा पत्ताच लागत नाही.

तांत्रिक बाजूही आहे. गाडीत किंवा कामाच्या गडबडीत नीट ऐकू यावं म्हणून अनेक केंद्रं प्रक्षेपणात हळू आवाज वर उचलतात आणि मोठा आवाज खाली दाबतात. गाण्यांना ते चालून जातं. इथे मात्र टिंपनीचे ते ठोके आणि पुढचा स्फोट जवळजवळ एकाच पातळीवर येतात, आणि बीथोव्हेनने जे मुद्दाम बांधलं तेच सपाट होतं. निदान संध्याकाळच्या मैफलीच्या वेळी तरी हा दाब कमी ठेवावा.

सकाळी वेळ कमी असतो, हे कारण नेहमी दिलं जातं. मग लहान पण पूर्ण रचना लावाव्यात. स्कार्लात्तीचे एकट्या कीबोर्डसाठीचे सोनाटा चार-पाच मिनिटांचे असतात, मेंडेल्सोनचं ‘हेब्रिडीज’ दहा मिनिटांत पुरं होतं. असा खजिना हाताशी असताना सिंफनी फोडायची गरज काय?

आता कंडक्टर. माझं पहिलं नाव राफाएल कुबेलिक, आणि त्याच्यापर्यंत मी पोहोचले ती चेक संगीतकार स्मेटानाच्या ‘मा व्लास्त’मुळे (म्हणजे ‘माझा देश’). सहा रचनांची ही माला. रेडिओवर मात्र त्यातली ‘व्ल्तावा’ नदीच तेवढी वाहते, कारण ती बारा-तेरा मिनिटांची आणि चाल सगळ्यांच्या तोंडी बसलेली. पण नदी शेवटी प्राग शहराशी पोहोचते तेव्हा स्मेटाना पहिल्या रचनेतली, विशेह्राद किल्ल्याची धून तिच्यात आणतो, आणि सहाव्या रचनेच्या अखेरीला ती पुन्हा येते. माला अख्खी ऐकली तरच ते भेटणं अंगावर येतं. कुबेलिकने १९४८ साली कम्युनिस्ट सत्ता आल्यावर चेकोस्लोव्हाकिया सोडला. १९८५ मध्ये तब्येतीमुळे त्याने कंडक्टिंगही थांबवलं होतं. राजवट गेल्यावर १९९० च्या प्राग स्प्रिंग महोत्सवात तो परतला आणि चेक फिलहार्मोनिकसोबत हीच माला त्याने वाजवली. ते रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. त्याची एक सवय कानांना स्पष्ट कळते: पहिल्या आणि दुसऱ्या गटाची व्हायोलिन्स तो मंचाच्या दोन बाजूंना, समोरासमोर बसवायचा. हेडफोन लावून ऐका, एकीकडून प्रश्न आणि दुसरीकडून उत्तर आल्यासारखं वाटतं.

कार्लोस क्लायबर तर आहेच. त्याची व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबतची १९७४ ची बीथोव्हेनची पाचवी बहुतेकांना आवडते, मलाही. पण त्याने मोजक्याच रचना हाताळल्या. रोज सोबत हवी असते तेव्हा मी बर्नार्ड हायटिंककडे वळते. त्याच्या हातात संगीत घाई करत नाही आणि तो स्वतःही मध्ये येत नाही. संगीतकार ब्रुकनरच्या सिंफनींसाठी गुंटर वांड. हे दोघंही आणि कुबेलिकही रेडिओच्या ऑर्केस्ट्रांशी जोडलेले: कुबेलिक १९६१ ते १९७९ बव्हेरियन रेडिओचा, वांड हॅम्बुर्गच्या एनडीआर या रेडिओ केंद्राचा, हायटिंकची सुरुवात नेदरलँड्सच्या रेडिओ ऑर्केस्ट्रात. हे कंडक्टर घडवण्यात रेडिओचा एवढा वाटा असताना निवेदकाने त्यांची नावं गाळावीत, हे मला सहन होत नाही.

आणि नाव गाळणं सर्रास चालतं. ‘माहलरचं अडाजिएटो ऐकलंत’ (त्याच्या पाचव्या सिंफनीतला संथ भाग) एवढं सांगून निवेदक पुढे जातो. कोणत्या कंडक्टरचं? मेंगेलबर्गने १९२६ मध्ये ते सुमारे सात मिनिटांत वाजवलं, बर्नस्टाईनच्या व्हिएन्नाच्या रेकॉर्डिंगमध्ये तेच अकरा मिनिटांच्या आसपास जातं. स्वर तेच, पण पहिलं प्रेमपत्रासारखं वाटतं आणि दुसरं निरोपासारखं. कंडक्टर काय करतो हे नवख्या माणसाला समजवायला यापेक्षा सोपा धडा नाही. तुलनेपुरता एकच भाग चालेल, पण केंद्राने एका संध्याकाळी ही दोन्ही लागोपाठ लावावीत, नावं आणि सालं मात्र दोन्ही झाल्यावर सांगावीत.

तुम्हाला आवडता कंडक्टर सापडायचा असेल तर असंच करा. एक रचना निवडा, तीन-चार जणांची अख्खी ऐका, शक्यतो नाव न बघता. माझा आग्रह ‘मा व्लास्त’चा: कुबेलिकची बोस्टन सिंफनीसोबतची १९७१ ची आणि प्रागची १९९०ची आधी ऐका, मग बाकीच्यांकडे जा.