माद्रिदला फुकटात प्रादो
तीन दिवस माद्रिदला आहात ना, मग तिकिटं काढायची घाई नको. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ फुकट असतं. रांग मात्र मोठी लागते, पाऊण तास आधीच जाऊन उभे राहा. आत गेल्यावर सगळं बघायचा हट्ट सोडा, दोन तासांत पायांचे तुकडे पडतात! थेट वेलाझ्केझचं ‘लास मेनिनास’ आणि गोयाची ‘काळी चित्रं’ (त्याची गडद, भेसूर चित्रमालिका) गाठा. पिकासोचं ‘गेर्निका’ रेइना सोफिया या माद्रिदमधल्याच दुसऱ्या संग्रहालयात; तिथे संध्याकाळी ७ ते ९ फुकट, रविवारी दुपारी साडेबारापासून, मंगळवारी बंद. तुमची मुलगी १८ ते २५ वर्षांमधली विद्यार्थिनी असेल तर प्रादो तिला केव्हाही मोफत, फक्त कॉलेजचं ओळखपत्र बॅगेत टाका.